मागच्या दाराचा चार्ज

१

एखाद्या इमारतीच्या सुरक्षेचा आराखडा करायचा असेल तर मी आधी बाहेरून तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारतो. ज्याला आत यायची परवानगी नाही अशा माणसाच्या नजरेने बघतो. भिंत कुठे उतरली आहे, कुठल्या झाडाची फांदी पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकते, कुठलं दार बंदच असणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. हे मला कोणी वर्गात शिकवलं नाही. गेटवर उभं राहण्यात तरुणपण गेलं. तेव्हा वाचायला वेळ मिळे. जुनी पुस्तकं आणून वाचली, नकाशे काढायला शिकलो, आणि आता पन्नाशीत लोक मला परबसाहेब म्हणतात.

ही इमारत परळहून लालबागकडे जाताना आतल्या रस्त्यावर आहे. दर्शनी बाजू मालकाने काचेने मढवली, मागची तशीच ठेवली. सगळे मजले एकाच कंपनीकडे. सरकारी खात्यांची जुनी कागदपत्रं इथे येतात, स्कॅन होतात आणि परत जातात. जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे उतारे, पेन्शनच्या फायली. आता एका मोठ्या खात्याचं काम मिळायचं होतं, आणि त्याआधी खात्याचे अधिकारी इमारतीची सुरक्षा तपासणार होते.

प्रशासन बघणाऱ्या ऋग्वेदा मॅडम तिशीतल्या, बोलणं भरभर.

"परबकाका, प्लॅन एकदम टाइट पाहिजे. त्यांनी एक जरी पॉइंट काढला ना, काम दुसरीकडे गेलं समजा."

"पॉइंट निघणार नाही."

"मागच्या एजन्सीने पण असंच सांगितलेलं."

"त्यांनी बाहेरून फेरी मारली नसेल."

"तुम्ही मारता ते दिसतंय. दोन दिवसांत केवढे काळे पडलात."

मी हसलो. तिथवर सगळं नेहमीसारखं होतं.

२

इमारतीच्या मागे अरुंद गल्ली आहे आणि गल्लीत मसाला कुटणाऱ्यांची दुकानं. दिवसभर यंत्रांचे दणके चालू असतात. भाजलेल्या मिरचीचा ठसका कुठल्याही मजल्यावर पोचतो. वरचे लोक म्हणतात, आठवड्याभरात सवय होते.

तळमजल्यावर मालाच्या लिफ्टपासून मागच्या दारापर्यंत एक लांब पॅसेज जातो. खिडकी नाही. छताला एसीचे पाइप, दोन ट्यूबलाइट. शेवटी दार. त्याचं कुलूप बऱ्याच वर्षांपूर्वी तुटलेलं, कडीला नायलॉनची दोरी बांधलेली. मी मनात म्हटलं, हा घ्या पहिला पॉइंट.

दाराच्या अलीकडे, भिंतीला थोडा आत घेतलेला कोनाडा होता आणि त्यात एक लाकडी खुर्ची. जुन्या कचेरीत असते तशी, हातांची, वेताची बैठक. धूळ नव्हती. खुर्चीच्या पुढे शहाबादी फरशीवर दोन उथळ खळगे पडले होते, शेजारी शेजारी. तिथे कोणी फार वर्षं पाय ठेवून बसलं असावं.

खुर्चीखाली आणि आजूबाजूला सामान होतं. बायकांच्या पर्सा, डबे, भाजीची पिशवी, भिंतीच्या सॉकेटला चार्जिंगला लावलेले दोन फोन. सगळं उघड्यावर, कुलूप नसलेल्या दाराच्या तोंडाशी.

सफाई बघणाऱ्या नलूताई तेवढ्यात बादली घेऊन आल्या. त्यांनी आपली पर्स खुर्चीखाली सरकवली.

"नलूताई, हे सगळं कोणाच्या भरवशावर ठेवता?"

"इथलं काही जात नाही, साहेब."

"दाराला कुलूप नाही."

"नसू दे. बघायला आहे ना."

मी म्हटलं, "कोण आहे?" त्या थट्टा समजून हसल्या आणि बादली उचलून निघाल्या. जाताना म्हणाल्या, "लक्ष असू दे हां."

आमच्या नायगावच्या चाळीत पाण्याला जाणारी बाई शेजारणीला हे एवढंच म्हणून दार उघडं टाकून जायची. शेजारीण मान हलवायची, की झालं. सवयीने मी "हो" म्हटलं. मग माझ्या ध्यानात आलं, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला रात्री जेवताना आठवली. पॅसेजमध्ये असताना यंत्रांचा आवाज नव्हता. ठसकाही नव्हता. दार तर गल्लीतच उघडतं.

३

दुसऱ्या दिवशी मुद्दाम ऐकत गेलो. लिफ्टपाशी दणके ऐकू येत होते. पॅसेजच्या मध्यापर्यंत येत होते. खुर्चीच्या थोडं अलीकडे ते थांबले. दोन पावलं मागे आलो, पुन्हा सुरू. भिंतींची रचना, कोनाडा, एसीची हवा, काहीतरी असणार. आवाजाचं शास्त्र मला येत नाही. मी ते तिथेच सोडलं.

मला खटकत होती ती खुर्चीची दिशा. तिची पाठ दाराकडे होती आणि तोंड आत, पॅसेजकडे. दारावर बसणारा कुठलाही पहारेकरी दाराला पाठ करून बसत नाही. मी खुर्ची उचलून फिरवली, तोंड दाराकडे केलं आणि वर चहाला गेलो.

परत आलो तेव्हा ती पुन्हा आत बघत होती.

नलूताईंना विचारलं, लिफ्टवाल्याला विचारलं. कोणी हात लावला नव्हता. लिफ्टवाला म्हणाला, "ती तशीच असते, साहेब." जागेवर ठेवण्याची सवय माणसांना असते. कोणीतरी जाता जाता फिरवली असेल आणि आता कबूल करत नसेल. मी पुन्हा फिरवली नाही. कामं पुष्कळ होती.

४

आराखड्यात मी मागच्या दाराला नवं विजेचं कुलूप धरलं, पॅसेजमध्ये कॅमेरा धरला आणि कोनाड्यात चोवीस तास एक माणूस धरला. खात्याची अटच होती. बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक दारावर डोळा हवा आणि हात हवा.

कॅमेरे बसवायला अनिश नावाचा मुलगा आला होता. हे नव्या पद्धतीचे कॅमेरे. चित्रात माणूस दिसला की त्याच्याभोवती आपोआप हिरवी चौकट येते आणि बाजूला आकडा पडतो, किती माणसं आहेत त्याचा. कंट्रोल रूममध्ये बसून आम्ही एकेक पडदा तपासत होतो. पॅसेजचा पडदा लागला. खुर्ची रिकामी होती. तिच्याभोवती हिरवी चौकट होती आणि बाजूला एक.

"खुर्चीला माणूस समजतोय," अनिश म्हणाला. "होतं असं. हातांची खुर्ची आहे ना, शेप तसा दिसतो."

"मग वरच्या कॉन्फरन्सच्या खुर्च्यांना का नाही?"

त्याने खांदे उडवले. "अँगल असेल. शिकवतो त्याला."

त्याने बराच वेळ खटपट केली. शिकवलं की चौकट जायची आणि थोड्या वेळाने यायची. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे ना काका. उद्यापासून तिथे खरा माणूस बसणारच आहे. आकडा बरोबरच येईल."

हे मला पटलं. मीही तेच म्हणालो असतो.

५

त्या जागेवर मी सुशांतला घेतलं. सुशांत म्हणजे कमलचा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दादरला कपड्याच्या दुकानात होता. दुकान बंद झाल्यापासून घरी. लग्न झालेलं नाही, आमच्याकडेच राहतो, जेवताना हसवतो आणि कमल त्याला आईसारखी रागावते.

"एवढी माणसं तुमच्या हाताखाली लागतात," कमल म्हणाली होती, "माझा एक भाऊ तेवढा जड होतो का?"

"उभं राहायचं काम आहे. त्याच्याने होईल?"

"बसायची एखादी जागा नाही?"

बसायची जागा होती. सावलीत, एसीत, वर्दळ नाही. दिवसाची पाळी दिली. मला वाटलं, सगळ्यांत सोपी पोस्ट आपल्या माणसाला दिली म्हणून कोणी बोललं तर बोलू दे.

माझी एक पद्धत आहे. पहारा बदलताना येणाऱ्याने जाणाऱ्यासमोर उभं राहायचं. जाणाऱ्याने म्हणायचं, चार्ज दिला. येणाऱ्याने म्हणायचं, घेतला. हे तोंडाने, मोठ्याने. घेतला म्हटल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही, मग आभाळ कोसळो. पोरं हसतात, पण माझ्या पोस्टवर कधी गोंधळ होत नाही. आणि पोस्ट नवीन असली, आधी कोणीच नसलं, तरी पहिल्या माणसाला मी "घेतला" म्हणायला लावतो. त्याने जागा अंगाला लागते.

त्या सकाळी ऋग्वेदा मॅडमही बघायला आल्या होत्या. सुशांत नव्या गणवेशात खुर्चीसमोर उभा राहिला.

"भावोजी, कोणाकडून घेऊ? खुर्चीकडून?"

"म्हण नुसतं."

"ती दिला म्हणाली नाही अजून."

मॅडम हसल्या. मी डोळे वटारले. सुशांतने टाचा जुळवल्या, रिकाम्या खुर्चीला सलाम केला आणि म्हणाला, "चार्ज घेतला."

मागच्या दाराचं नवं कुलूप खट्ट करून सुटलं. दार उघडलं, पुरतं, एक माणूस जाईल एवढं. गल्लीतला दणका आणि मिरचीचा लोट एकदम आत आला. आम्ही तिघेही ठसकलो. मग दार सावकाश लागलं.

"अनिशला सांगा," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "इन्स्पेक्शनच्या दिवशी असं झालं तर माझी वाट."

सुशांत खुर्चीत बसला होता. "थंड आहे हो, भावोजी," तो म्हणाला. "एसी कमी करायला सांगा."

खुर्चीखाली नलूताईंची पर्स नव्हती. त्या दिवसापासून कोणीच तिथे काही ठेवलं नाही. मी विचारलं तेव्हा नलूताई फरशी पुसत म्हणाल्या, "आता हा नवीन आहे. याला नाही सांगता येणार."

६

संध्याकाळची पाळी वैभवची होती. तो शांत, नेमाने येणारा मुलगा. त्याने मला फोन केला. "साहेब, सुशांत उठत नाही."

मी गेलो. सुशांत नीट बसला होता. दोन्ही पाय जुळवून त्या खळग्यांत, हात खुर्चीच्या हातांवर. झोपला नव्हता, आजारी दिसत नव्हता.

"काय चाललंय?"

"रिलिव्हर यायचाय, भावोजी."

"हा काय समोर उभा आहे."

त्याने वैभवकडे बघितलं. नजर लगेच पुन्हा पॅसेजकडे गेली. "मग घेऊ दे त्याला."

मी वैभवला खूण केली. वैभवने तोंड उघडलं. सुशांतच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा मीही तेव्हाच नीट बघितला. त्यावर आशा होती. ताटाकडे बघणाऱ्या भुकेल्या माणसासारखी. वैभव एक पाऊल मागे सरला.

"साहेब, मी बसतो इथं. रात्रभर बसतो. पण ते नाही म्हणणार."

"का?"

"माहीत नाही. रागावू नका."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी आणखी दोघांना आणून बघितलं. दोघेही खुर्चीपर्यंत गेले आणि शब्द तोंडात घेऊन उभे राहिले. एक जण माफी मागून गेला, दुसरा माफी न मागता.

तिथेच मला खुर्चीच्या दिशेचा उलगडा झाला, आणि तो व्हायला नको होता. आयुष्यभर मी पहारेकरी बघत आलो आहे. पाळी सुरू असते तोवर माणूस दाराकडे बघतो. पाळी संपत आली की नाही. मग तो ज्या वाटेने बदली माणूस येणार त्या वाटेकडे बघतो. दाराला त्याची पाठ होते आणि त्याला ते कळतही नाही.

ती खुर्ची किती वर्षं आत बघत होती, ते मला कोणी सांगू शकलं नाही. मीही फार विचारलं नाही.

७

कमल दुसऱ्या दिवशी स्वतः आली. भावाचा कान धरला. "नाटकं पुरे. ऊठ. सगळे हसतायत तुला."

"ताई, पोस्ट खाली पडेल."

"पडू दे."

आम्ही दोघांनी त्याला धरून उठवलं. तो भांडला नाही. टॅक्सीत घालून नायगावला नेलं. घरात येताच त्याने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून बसला, पाय जुळवले. कमलने भात कालवून घास पुढे केला. त्याने तोंड उघडलं नाही. हात गार पडत चालले होते. डॉक्टर येऊन गेले, दाब कमी आहे म्हणाले, मनावर ताण असेल म्हणाले, तपासण्या लिहून दिल्या. सकाळी त्याला मान उचलता येत नव्हती. आवाज इतका बारीक झाला होता की मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"भावोजी, तिथं कोणी नाही आत्ता."

"असू दे, नाही तर नाही."

त्याने माझ्याकडे जसं बघितलं, तसं आपण काही न कळणाऱ्या मुलाकडे बघतो.

मॅडमचा फोन आला. आदल्या दुपारी तळमजल्यावरचे सगळे लवकर घरी गेले होते. कारण कोणी सांगत नव्हतं. दोन मुलींनी राजीनाम्याचं बोलणं काढलं होतं. "काका, मागे कोणीतरी पाहिजे. प्लीज."

शेवटी कमलच म्हणाली, "न्या त्याला परत." ती रडत नव्हती. "इथं माझ्या डोळ्यांदेखत जाईल. तिथं निदान बसलेला असतो."

खुर्चीत टेकवल्याबरोबर त्याच्या ओठांना रंग आला. त्याने पाय खळग्यांत ठेवले. ते नेमके बसले. सुशांतची चप्पल माझ्या चपलेहून दोन नंबरांनी लहान आहे. मी वाकून त्याचा एक पाय जरा सरकवला, माझा त्या खळग्यात टेकवून बघितला, आणि घाईने मागे घेतला.

८

खात्याचे अधिकारी आले. सगळं बघितलं, पुढचं गेट, काचेचे अडसर, सर्व्हरची खोली. मागच्या पॅसेजमध्ये ते थोडा वेळ थांबले. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "हा तुमचा माणूस चांगला आहे. आम्ही आलो तरी जागचा हलला नाही." तपासणीत एकही पॉइंट निघाला नाही. मॅडमनी वर पेढे वाटले. मला दिलेला पेढा मी खिशात ठेवला.

त्या दिवशी मी कंट्रोल रूममध्ये बसून सुशांतच्या पहिल्या सकाळचं चित्रण लावलं. इतके दिवस ते लावायचं मी टाळलं होतं. मॅडम पेढ्यांचा खोका घेऊन मागे उभ्या होत्या.

पडद्यावर आम्ही तिघे. तीन हिरव्या चौकटी. रिकाम्या खुर्चीभोवती चौथी. बाजूला आकडा चार. आवाज नाही. सुशांत सलाम करतो, त्याचे ओठ हलतात.

चौथी चौकट लांब झाली. बसलेल्या माणसाची चौकट तो उभा राहिला की जशी होते तशी. आत काही नव्हतं, मागची भिंत होती. ती सुशांतच्या अगदी जवळून गेली, दाराकडे. दार उघडलं. चौकट उंबऱ्यावर थांबली. किंचित रुंद झाली, जशी माणूस वळून बघताना होते. मग गल्लीच्या उजेडात नाहीशी झाली. आकडा तीन.

"सॉफ्टवेअरची चूक आहे," मॅडम म्हणाल्या.

"असेल."

"आहेच, काका." त्यांनी खोका टेबलावर ठेवला. "आणि हे सुशांतचं पण डोक्यातलंच आहे. त्याला फक्त कोणीतरी ते दोन शब्द म्हणायला हवेत ना? चला, मी म्हणते. एवढं काय. घेतला म्हणायचं आणि..."

"मॅडम."

मी इतका ओरडलो नव्हतो कधी. त्यांचं कुंकू नीट लागलं नव्हतं, मी त्याकडे बघत राहिलो. त्यांची मुलगी अजून बालवाडीत जाते.

म्हणजे माझा विश्वास बसला होता. ते मला त्या ओरडण्यावरून कळलं. स्वतःला मी वेगळं सांगत होतो. माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट घट्ट बसली तर तिच्याच भाषेत ती सोडवावी लागते. त्याला नियमाने मोकळं केलं की तो मोकळा होईल, आणि मी उठून घरी जाईन. माझ्या हाताखाली पुष्कळ पोरं आहेत. त्यातल्या कोणाला पगाराची धमकी दिली असती तर त्याने म्हटलं असतं. मी यादीही डोळ्यांपुढे आणली. एकेका नावाशी त्याची आई आठवत गेली.

९

दुपारी मी खाली गेलो. लिफ्टपाशी मिरची कुटण्याचे दणके येत होते. मध्यावर येत होते. मग थांबले.

सुशांतने मला येताना बघितलं. तसा तो पॅसेजकडे बघत असतोच.

"सुशांत, चार्ज दे."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावोजी, ताई काय म्हणेल?"

"चार्ज दे."

"दिला."

"घेतला," मी म्हटलं.

तो उठला. गुडघे मोकळे केले, आळस दिला, पोटावरून हात फिरवला. "काय भूक लागलीय," तो म्हणाला, अगदी त्याच्या जुन्या आवाजात. दार उघडलं. उंबऱ्यावर तो थांबला, जरा वळला. मग गेला.

खुर्ची गार आहे, त्याने सांगितलं होतं तशी. पाय त्या खळग्यांत नेमके बसले. आधी मी खुर्ची फिरवून तोंड दाराकडे केलं, कारण आराखड्यात तसं आहे. मग कधीतरी बघितलं तर समोर पॅसेज होता.

मी उठू शकतो, यात मला शंका नाही. पायांना काही झालेलं नाही. पण पोस्ट रिकामी सोडायची नाही हा नियम मीच केलेला आहे, आणि दुसऱ्यांकडून पाळून घेतलेला आहे. कोणी आलं की उठेन. नलूताईंनी परवा पुन्हा आपली पर्स आणून खुर्चीखाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. "लक्ष असू दे हां," म्हणाल्या.

सुशांत बरा आहे. जेवतो, झोपतो, अंग धरलं आहे. कमल सांगते, माझं नाव निघालं की तो उठून गॅलरीत जातो.

कमल रोज डबा घेऊन येते. ती आली की मला लिफ्टच्या दारापासून कळतं. आधी सावली, मग हिरवी साडी, मग चप्पल ओढत चालण्याची तिची रीत. आज तिने डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला. सोलकढी होती, बांगड्याचं तिखलं होतं. मला कशाचाच वास आला नाही.

"वाळलात किती," ती म्हणाली. पदराने माझं कपाळ पुसलं. पुसताना तिचा हात थबकला, बहुधा कपाळ गार लागलं. "अहो, जरा उठा बघू. तोंड धुऊन या, चार पावलं चाला. तोवर बसते मी इथं. मला काय, बसायचंच तर आहे."

माझ्या हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शब्द जिभेवर आला होता. एकच शब्द होता, आणि त्याचं उत्तर तिला पाठ आहे. इतकी वर्षं घरी बसून मी पोरांना ते शिकवताना तिने ऐकलं आहे. तिच्या चेहऱ्यावर माया होती. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे, कारण सुशांतचा मी बघितला होता.

मी डब्याचं झाकण लावलं. तो तिच्या हातात दिला. "घरी जा," म्हटलं.

ती थोडी घुटमळली. मग निघाली. पॅसेज लांब आहे, आणि ती गुडघ्यांमुळे हळू चालते. उद्या येऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. ती लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर पुष्कळ वेळ होता. या पॅसेजमध्ये हाक नीट ऐकू जाते.

मी हाक मारली नाही.